लक्ष्मम्माची मेंढी

दुसरी मेंढी मेली तेव्हा लक्ष्मम्मानं सरळ सुनेकडं बोट केलं.

“हिनंच घातलं कायतरी! माझ्या डोळ्यांनी बघितलंय मी. पाण्यात पुडी सोडून राहिली होती.”

“आत्या, जंताचं औषध होतं ते,” मंजुश्री म्हणाली. “मुखेडच्या डॉक्टरबाईंनीच दिलंय.”

“औषध असतं तर मेंढरं जगली असती की!”

वीरेश दोघींच्या मधे उभा. एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला बायको. तोंड उघडलं तरी पंचाईत, नाही उघडलं तरी पंचाईत. त्यानं मेलेली मेंढी उचलली आणि तो बांधाकडं निघून गेला.

भांडणाचं मूळ होतं कोंबड्यांत. ज्या घरात सगळ्यांच्या गळ्यात लिंग, अंड्याचं नावसुद्धा कुणी काढत नव्हतं, त्या घरात उदगीरच्या या पोरीनं कोंबड्या आणल्या. बरं, आणून ठेवल्या कुठं? तर मेंढरांच्या गोठ्यात! “मेंढरांच्या अंगावरचे गोचीड वेचून खातात, आत्या, चांगलंच हाय की,” असं तिचं म्हणणं. मेंढीच्या पाठीवर कोंबडी बसलेली बघितली की लक्ष्मम्मा नाक मुरडून तोंड फिरवायची. आता बाजारात गेलेल्या मेंढरांचं पुढं काय होतं, हे तिनंही जन्मात कधी विचारलं नव्हतं. पण ते असो.

लक्ष्मम्मानं आपल्या परीनं इलाज सुरू केला होता. सून उठायच्या आत गोठ्यात जायचं आणि कोंबड्यांच्या भांड्यातलं खाद्य निम्म्यावर आणायचं. पोटाला मिळालं नाही की अंडी बंद, अंडी बंद झाली की कोंबड्या बाजारात. काढलेलं खाद्य उकिरड्यावर टाकायला मात्र तिचा हात धजेना. दाणा पायदळी तुडवायचा म्हणजे महादेवाला काय तोंड दाखवायचं? मग ती ते पदरात बांधायची आणि चांदी नावाच्या मेंढीपुढं सोडायची. आणखी दोघीचौघी मेंढ्या मुसंडी मारून आपला वाटा घ्यायच्याच.

चांदी म्हणजे लक्ष्मम्माचा जीव. आई मेलेलं ते कोकरू तिनं बाटलीनं दूध पाजून, चुलीजवळ पोत्यावर निजवून वाढवलं होतं. चांदीनं पदरात तोंड खुपसलं की म्हातारीचा सगळा शिणवटा जायचा.

कोंबड्याही काही कमी नव्हत्या. आपलं खाद्य कुठं चाललंय ते ओळखून पदरामागं पळत सुटायच्या.

“हुश्श! व्हा बाजूला, अवदसांनो!” लक्ष्मम्मा दबक्या आवाजात ओरडायची.

अंडी खरंच घटली. मंजुश्री डोकं धरून बसली. “भांडं तर रोज रिकामं होतंय. मग अंडी का देईनात?” लक्ष्मम्मा भाकरी थापता थापता गालातल्या गालात हसली. बरी जिरली!

पण मग चांदीचेही डोळे पिवळे पडले. आधीच्या दोघींचे पडले होते, तस्सेच. मान टाकून ती कोपऱ्यात उभी राहू लागली. लक्ष्मम्मानं सुनेला गोठ्यात पाऊल टाकायची बंदी केली, पाणी स्वतः पाजलं. ताकद यावी म्हणून आपल्या हातानं दोन मुठी जास्तच भरवल्या.

तरी एका सकाळी ती पदरात खाद्य बांधून वळली, तर चांदी चारी पाय ताणून आडवी दिसली. पदर तसाच पोटाशी कवळून लक्ष्मम्मा मटकन खाली बसली. तिच्या आक्रोशानं शेजारची रत्नम्मा धावत आली. वीरेशनं आधी सगळ्या कोंबड्या जाळीत कोंडल्या आणि मग बायकोकडं वळला.

“चांदीच्या पोटात विष निघालं, तर तू या घरात न्हाई.”

“हाव,” मंजुश्री म्हणाली. “चिरून बघू द्या. डॉक्टरला मीच बोलावते.” तिनं फोन लावला, आत जाऊन कपड्यांची पिशवी भरली आणि ती उंबऱ्यावर ठेवली.

मुखेडची डॉक्टर बुद्धप्रिया स्कूटीवर आली. बांधावरच्या लिंबाखाली तिनं चांदीला चिरलं. किती वेळ ती वाकून बघत होती. मग हात धुऊन अंगणात आली.

“विषच हाय न्हवं, बाई?” लक्ष्मम्मानं विचारलं.

“हो. विषबाधाच आहे.”

“सांगत न्हवते मी!” लक्ष्मम्मानं कपाळ बडवून घेतलं. “खाल्ली गं माझी चांदी या पोरीनं!”

वीरेशनं पिशवी उचलली आणि बायकोकडं न बघताच पुढं केली. मंजुश्रीनं ती घेतली. वादावादी काही केली नाही. फक्त म्हणाली, “जाळी तेवढी उघडून जाते. सकाळपासून उपाशी हायत बिचाऱ्या.”

“थांबा, माझं पुरतं ऐका,” डॉक्टर म्हणाली. “यात औषधाचा काही दोष नाही. कोंबड्यांच्या खाद्यात तांबं असतं. कोंबडीला ते पचतं. मेंढीच्या अंगात मात्र साठत जातं आणि एक दिवस जीव घेतं. हिच्या पोटात तेच खाद्य निघालं. चुकून एखादवेळी तोंड घातलं असतं तर एवढं झालं नसतं. हिला कुणीतरी रोज चारलंय.”

लक्ष्मम्मानं पदराची गाठ मुठीत दाबली.

“खाद्य हिचंच हाय,” वीरेश बायकोकडं बोट दाखवून म्हणाला. “दुसरं कोण चारणार?”

“मी न्हाई चारलं,” मंजुश्री म्हणाली. तिनं सासूकडं बघितलं. “आत्या, तुम्ही तरी सांगा. मी मेंढरांना कधी हे खाद्य घातलं?”

लक्ष्मम्मा एक शब्द बोलली असती तरी पुरे होतं. तिनं मान खाली घातली आणि पदर आणखी घट्ट कवळला.

मंजुश्रीनं डोळे पुसले आणि जाळीचं दार उघडलं. भुकेल्या कोंबड्या भसाभसा बाहेर पडल्या, मंजुश्रीच्या पायांजवळून, खाद्याच्या भांड्याजवळून तशाच पुढं पळाल्या, आणि सगळ्यांच्या देखत लक्ष्मम्माच्या पदराच्या गाठीवर चोची मारू लागल्या.