सोमवारचा निकाल

"फेरसुनावणीचा हुकूम रद्द," वकील मोहित्यांनी मान खाली घालून हायकोर्टाचा कागद वाचला.

विहिरीच्या दाव्यात हौसाबाईंची साक्ष झाली बुधवारी, अन् त्या हरल्याचा निकाल टाइप झाला होता आदल्या सोमवारी! निकालाच्या कागदावरची ती तारीख पाहून, जुन्यांच्या जागी आलेल्या नव्या जज्जसाहेबांनी दावा पुन्हा चालवायचा हुकूम काढला होता.

"हायकोर्ट म्हणतंय," मोहिते पुढं वाचू लागले, "बाईंची साक्ष ऐकली असती, तरी निकाल तोच लागला असता."

हौसाबाई दारापर्यंत गेल्या आणि पचकन थुंकल्या.

"सुप्रीम कोर्टात जाऊ, मावशी. इथं अंगठा उठवा." मोहित्यांनी शाईची डबी पुढं सरकवली.

अंगठा मुठीत दाबून त्या म्हणाल्या, "ऐकायचंच नव्हतं, तर मेल्यांनी मला देवाची शपथ कशापायी घ्यायला लावली?"