गजाभाऊंचे उरलेले तीन

हिवरवाडीच्या साधना केंद्रात अहंकार मोजून पुसणारी ध्यानाची टोपी आली आणि सगळ्या गावाचा अहंकार शून्यावर आला. तालमीतल्या वस्तादांचासुद्धा, आता बोला! अडले होते एकटे गजाभाऊ तांबट. आजची बैठक शेवटची. टोपीचा काटा शून्यावर गेला नाही, तर आत्मज्ञानाचा दाखला कायमचा हुकणार होता.

“काका, फक्त श्वासाकडे बघा,” मानसतज्ज्ञ डॉक्टर मृणाल म्हणाल्या.

काटा नव्वदावरून घसरत आला आणि तीनवर ठाण मांडून बसला. त्या तिनाचं मूळ पडद्यावर उमटलं. साठाव्या वर्षी पोहायला शिकून भर पुरातून वासरू ओढून आणणारी त्यांची बायको, अनसूया!

“हे बटण दाबलं की हाही अभिमान पुसला जाईल,” डॉक्टर म्हणाल्या.

“दाबा हो बाई,” शेजारी बसलेल्या अनसूयाबाई म्हणाल्या. “गावात आमचंच तेवढं हसं नको.”

गजाभाऊंनी टोपी काढून टेबलावर ठेवली. “माझा स्वतःचा अभिमान गेला, बरं झालं. हा हिचा आहे, तो राहणार. ‘मी कोण’ ते कळलं डॉक्टर. मी हिचा नवरा!”

आणि दाखल्याविनाच ते छाती काढून बाहेर पडले.

दुसऱ्या दिवशी केंद्रापुढे शून्यवाल्या नवऱ्यांची रांग लागली. “डॉक्टर, घरी बायको बोलत नाही हो. आमचेही तीन परत बसवा!”