धर्मयोद्ध्याचे दोन शब्द

धर्मयोद्धा शपथ आयुष्यात एकदाच घेतो, आणि ती मोडली तर देवसुद्धा त्याच्याकडे पाठ फिरवतात. ही शपथ रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर, खाऱ्या दाण्यांच्या वाटीशेजारी मोडली. मोडणाऱ्याने पुढचा दाणा तोंडात टाकला.

मोडणारा म्हणजे तिचा नवरा. आठवडाभर तो विमा कंपनीत लोकांचे दावे फेटाळायचा आणि रविवारी चांदीच्या चिलखतातला धर्मयोद्धा व्हायचा. खेळच तसा होता : एकाने गोष्ट चालवायची, बाकीच्यांनी त्यातली पात्रं व्हायचं, आणि अडलं तिथे फासा टाकायचा. शपथ नवऱ्याने स्वतःच रचली होती. पहिल्या दिवशी सगळ्यांना उभं करून खर्जात म्हणूनही दाखवली होती : शस्त्र खाली ठेवणाऱ्या माणसावर मी वार करणार नाही. आज खिंडीत लुटारू राक्षसांच्या म्होरक्याने भाला खाली ठेवला, आणि धर्मयोद्ध्याने त्याचं मुंडकं उडवलं.

ते बघून बाकीच्या लुटारूंनी खाली ठेवलेली शस्त्रं परत उचलली. त्यांच्या सगळ्यात जवळ उभी होती तिची तिरंदाज. ही बाई तिने चार वर्षं सांभाळली होती. दोन ड्रॅगन, एक महापूर आणि नवऱ्याच्या सगळ्या योजना यांतून सहीसलामत बाहेर काढली होती. आता तिची शिशाची बाहुली नकाशावर आडवी होती, पोटात दोन भाले.

"भावोजी, शपथ मोडली तुमची," गोष्ट चालवणारा तिचा धाकटा भाऊ म्हणाला. "जखमा बऱ्या करायची तुमची शक्ती गेली. पण लगेच परत मिळते. 'माझं चुकलं' म्हणा, हात ठेवा, ताई उठून बसेल. एका फेरीचं काम."

"आणि तोवर?" शेजारच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं. त्या दातांच्या डॉक्टर होत्या आणि खेळात चोर.

"तोवर ताई दर फेरीला हा वीस बाजूंचा फासा टाकणार. तीनदा दहाच्या खाली पडला की संपली."

तिने नवऱ्याकडे बघितलं. इतक्या वर्षांच्या संसारात हे दोन शब्द तिने त्याच्या तोंडून ऐकले नव्हते. गाडी खांबावर गेली तेव्हा खांब चुकला होता. विमान सुटलं तेव्हा घड्याळ. पण इथे देश खोटा, चिलखत खोटं. इथे तरी म्हणायला याचं काय जातंय, असं तिला वाटून गेलं.

"मोडली कशी?" नवरा खुर्चीत मागे रेलला. ते रेलणं तिच्या चांगलंच ओळखीचं होतं. "त्याने भाला ठेवला, की हातातून पडला?"

"ठेवला. मीच सांगितलं ना, ठेवला म्हणून."

"तुला तसं दिसलं. मला घोड्यावरून काय दिसत होतं?"

"गेली तुमची फेरी. ताई, टाक."

सात.

"अरे, मी बोलतोय! खेळलो कुठे?"

"समोर भाले चालू असताना बोलायलाही वेळ लागतो, भावोजी."

मग म्होरक्या 'शरण आलो' असं तोंडाने म्हणाला का, हे निघालं. म्हणाला असेल तर कोणत्या भाषेत. आणि ती धर्मयोद्ध्याला येते, याला आधार काय. तेवढ्यात चौदा पडले, मग तीन. डॉक्टरीणबाईंनी तोंडावर हात धरला.

"अहो," ती म्हणाली, "आता एकच राहिला. म्हणून टाका आणि मोकळे व्हा."

"अगं, तुझ्यासाठी मी जीव देईन. पण हा तत्त्वाचा प्रश्न आहे."

"जीव कशाला? दोन शब्द पुरे."

"न केलेल्या चुकीचे?"

"भाले माझ्या पोटात आहेत ना?"

"ते लुटारूंनी मारले," तो समजावणीच्या सुरात म्हणाला. "मी नाही."

"भावोजी, हात जोडतो," भाऊ म्हणाला. "कुजबुजलात तरी चालेल. देव ऐकून घेईल."

"देवाला शपथेचे शब्द तरी नीट माहीत आहेत का? शस्त्र खाली ठेवणाऱ्या..." नवरा थांबला. त्याचा चेहरा उजळला. "शस्त्र खाली ठेवणाऱ्या माणसावर! हा माणूस होता का? तूच म्हणालास, हिरवा, सुळेवाला!"

मग तो उभाच राहिला आणि माणूस कोणाला म्हणायचं ते सांगू लागला. कातडीपासून सुरुवात केली. दातांच्या मुद्द्यावर डॉक्टरीणबाईंची साक्ष काढली. भावाने फासा तिच्याकडे सरकवला. तिने टाकला.

दोन.

तिने बाहुली उचलून खोक्यात ठेवली आणि उठली. नवरा तोवर आत्म्याशी पोचला होता. तिला जायला वाट मिळावी म्हणून त्याने बोलता बोलता खुर्ची पुढे ओढून घेतली.

"बरं," शेवटी भाऊ म्हणाला. त्याच्यात जीव राहिला नव्हता. "मान्य. शपथ मोडली नाही. घ्या शक्ती परत."

"हेच तर मघापासून सांगतोय!" धर्मयोद्ध्याने बाही वर सारली आणि तळवा नकाशावर आणला. तळवा थोडा इकडे गेला, थोडा तिकडे गेला. "कुठंय ती?"

"मेली, भावोजी."

"कधी?"

"तुम्ही माणूस म्हणजे काय ते सांगत होतात ना," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तेव्हा."

नवऱ्याने रिकाम्या चौकोनावरून तळवा मागे घेतला. दारात चपला घालता घालता ती थांबली. त्याने तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं.

"मग कोणीतरी सांगायचं ना मला," तो म्हणाला.

घरातलं दूध संपलं होतं. ती पिशवी घेऊन खाली उतरली.