चार रंगांचं ताट

मिक्सर चौथ्यांदा थांबला तेव्हा बाहेर सगळे टेबलाशी जेवायला बसलेसुद्धा होते. थोरलीने दळलेले वाटाणे गाळणीवर ओतले आणि चमच्याच्या पाठीने घासून खाली काढले. गाळणीत हिरवी सालं उरली. दळून दळून बारीक केली तरी ती उरतातच मेली, आणि घशाला नेमकी तीच चिकटतात. तिने गाळणी बेसिनमध्ये आपटली.

सकाळी सहापासून ती ओट्याशी उभी होती. दोन स्वयंपाक. एक चावणाऱ्यांचा, एक बाबांचा. सणाच्या दिवशीही बाबांनी रोजची पेज का म्हणून गिळायची? जे सगळ्यांना तेच त्यांना, फक्त दळून, गाळून. कोंबडी वेगळी, वाटाणे वेगळे, गाजर वेगळं, भात वेगळा. एकात एक कालवायचं नाही. आपण काय खातोय ते माणसाला कळायला नको?

ताट बाहेर आणून तिने बाबांपुढे ठेवलं. धाकटा भाऊ बघतच राहिला. सकाळच्या गाडीने तो बायकोला घेऊन आला होता, उद्याच्या गाडीने जाणार होता.

"हे काय, ताई?"

"बाबांचं जेवण."

"हा लगदा? अगं, आज सण आहे!"

"म्हणून तर चार रंगांचा आहे. एरवी एकच असतो."

धाकट्याची बायको फिसकन हसली आणि लगेच गप्प झाली. धाकट्याला काही हसू आलं नाही.

"ह्या माणसाने जन्मभर हाडं फोडून खाल्लीत. आणि तू त्यांना तान्ह्या बाळासारखं भरवतेस. किती रोडावलेत बघ जरा! असंच चालू ठेवलंस तर उपाशी मारशील त्यांना."

थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अर्धांगाच्या झटक्यापासून बाबांचा डावा गाल मेलेला. घास त्या गालात साठून राहतो, त्यांना पत्ताही लागत नाही. प्रत्येक जेवणानंतर बोट घालून तो गाल ती साफ करते. दोनदा अन्न छातीत उतरलं, दोनदा दवाखाना झाला. आणि हा फोनवर विचारत होता, "मी यायलाच हवं का?" आता आला मोठा पुळका! पण जेवणं होऊ देत सुखाने, म्हणाली मनाशी, आणि बाबांच्या गळ्याला बांधायचं फडकं आणायला आत वळली.

तेवढ्यात धाकट्याने आपल्या ताटातल्या तंगडीचा चांगला मोठा तुकडा तोडला.

"बाबा, आ करा. एका घासाने काही होत नाही."

बाबांनी आ केला. मुलगा भरवतोय म्हटल्यावर कुठला बाप करणार नाही?

थोरली दोन ढांगांत परत आली. बाबांच्या तोंडात बोटं घातली, तुकडा बाहेर ओढला आणि जमिनीवर फेकला.

"मरतील ते! कळतंय का तुला? मरतील!"

"ओरडू नकोस. माझेही बाप आहेत ते."

"आहेत ना? मग जेव बापासारखं!"

तिने त्याच्या पुढ्यातलं ताट उचललं आणि आत नेलं. हाडं काढून फेकली. बाकी सगळं, वाटाणे, गाजर, भात, कोंबडी, मिक्सरच्या भांड्यात कोंबलं, वर पाणी ओतलं आणि बटण फिरवलं. धाकट्याची बायको दारात उभी राहून "ताई, अहो, राहू द्या ना" म्हणत होती. मिक्सरच्या आवाजात कोणाला काय ऐकू येणार! थोरलीने ते गाळलंसुद्धा नाही. एवढे लाड कोणाचे करायचे?

ताट त्याच्यापुढे आदळलं. करड्या रंगाचा एकच ढीग, कडेने पाणी सुटलेलं.

"खा. चव तीच आहे."

"वेड लागलंय तुला," धाकटा म्हणाला. पण आवाज उतरला होता. त्याने बायकोकडे पाहिलं. ती पाण्याच्या तांब्याकडे बघत होती. मग तो बाबांकडे वळला. "बाबा, बघताय ना ही काय करतेय? सांगा की हिला काहीतरी!"

बाबांना एक शब्द तोंडाबाहेर काढायला वेळ लागतो. सगळे थांबले. बाबांनी आधी आपल्या ताटाकडे पाहिलं, मग मुलाच्या. उजवा हात उचलून त्यांनी थोरलीला जवळ बोलावलं.

"त्याला," बाबा म्हणाले, "चमचा दे."