ताटासमोरची बाई

भिंतीवरची म्हातारी मघापासून नुसती ताटाकडे बघत बसली होती, आणि इकडे सिहोऱ्याच्या समाजमंदिरात शेंगा फोडल्याचा आवाज वाढत चालला होता.

"हे का पिच्चर होय वो मॅडम?" पार्वताबाईंनी मागं वळून विचारलं. "ना गाणं, ना भांडण. बाई बसली ते बसलीच!"

सगळ्या बाया खदखदून हसल्या. गावच्या शाळेतल्या हर्षा मॅडमही हसल्या, पण वरवर. एका जुन्या कथेवरचा हा सिनेमा नागपुरात जेमतेम आठवडाभर चालला आणि उतरला. हर्षानं तो कितीदा पाहिला असेल, आणि दर वेळी इथंच रडली होती. पोरगा फोन कानाला लावून वाढलेल्या ताटावरून उठून जातो, आणि माय बोलत नाही, बस्स, एवढंच. नवऱ्याला सांगितलं तर त्यानं जांभई दिली. शाळेतल्या मास्तरांनी विचारलं, "हिरो कोण आहे?"

म्हणून तिनं बचत गटाच्या अध्यक्षांना, पुष्पाबाईंना गळ घातली होती. महिन्याच्या बैठकीनंतर एक सिनेमा दाखवते, पहा तर खरं. पुष्पाबाईंनी हो म्हटलं, पण रोखठोक. "बाया उठून गेल्या तं हे बंद. मंग नाटकाचे व्हिडिओ लावू."

आणि आता दारापाशी दोघी चपला घालत होत्या.

हर्षाचा हात प्रोजेक्टरला जोडलेल्या लॅपटॉपवर गेला. "समोर घेऊ का?" तिच्या तोंडून निघून गेलं. लगेच तिला स्वतःचीच लाज वाटली. ज्या जागेसाठी एवढा खटाटोप केला, तीच जागा ती पुढं पळवायला निघाली होती. पण बोट बटणावर होतंच.

"थांब वो मॅडम."

पार्वताबाई उठल्या. पदराची गाठ सोडून त्यांनी चुरगळलेली नोट काढली. दिवाळीनंतर गावोगाव भरणाऱ्या मंडईच्या जत्रेतल्या नाटकात कुणाचं काम आवडलं की लोक उभं राहून बक्षीस पुकारतात, तशाच त्या भिंतीपुढं उभ्या राहिल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "सिहोऱ्याच्या पार्वताबाईकडून या बाईले पन्नास रुपये बक्षीस!"

कुणीतरी फिसकन हसलं.

"काहून वो पार्वताबाई," पुष्पाबाई म्हणाल्या, "ते बाई का इथं हाय, पैसे घ्यायले?"

"मले का समजत नाही? नाटकात तं सारेच बोंबलतेत. हे बोलली नाही, तरी सारं समजलं." पार्वताबाई भिंतीकडे वळल्या. "माहा पोरगा गुलाब बी असाच ताटावरून उठून गेला. मी बी अशीच बसली होती. तवा कोणी पाह्यलं नाही."

शेंगा फोडायच्या थांबल्या. पार्वताबाईंनी नोट लॅपटॉपशेजारी ठेवली.

"आता मांगं घे. बक्षीस देल्लं का वन्स मोअर द्या लागते."

हर्षाला नीट दिसेना. डोळे पुसत तिनं सिनेमा मागं घेतला. दाराशी गेलेल्या दोघी येऊन खाली बसल्या.

भिंतीवरच्या मायनं पुन्हा ताट वाढलं. पोरगा पुन्हा उठून गेला. पार्वताबाई सरकत सरकत पार भिंतीजवळ जाऊन बसल्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या,

"तो नाही येत आता. तू जेव माय, जेव."