पाठीमागे हात

मुलगी व्यासपीठाच्या पायऱ्या चढली, कुलपतींसमोर उभी राहिली आणि तिने दोन्ही हात पाठीमागे घेतले.

खाली पालकांच्या रांगेत बसलेल्या तिच्या वडिलांनी पुढच्या खुर्चीची पाठ घट्ट धरली. ते एका सरकारी शाळेचे हेडमास्तर. सकाळी त्यांनी तिला बजावलं होतं, की शहाण्यासारखी पदवी घे, खाली ये, आपण सरळ घरी जाऊ. ती तेव्हा बुटाचे बंद बांधत होती. हो म्हणाली नव्हती, नाहीही म्हणाली नव्हती. हेडमास्तरांनी आपल्या सोयीने त्याचा अर्थ हो असा लावून टाकला होता.

कुलपती पदवीची सुरळी पुढे करून उभे होते. सरकारने नेमलेला म्हातारा माणूस. वर्षातून एकदा लाल झगा घालून पदव्या वाटायच्या आणि वरून येईल त्या हुकमावर सही करायची, एवढंच त्यांचं काम, असं लोक म्हणत. अशाच एका सहीने इतिहासाच्या मॅडमना विद्यापीठातून काढलं होतं. त्या दुपारी मॅडम आपली पुस्तकं घेऊन निघाल्या, त्या घरी पोचल्याच नाहीत. चौकशीला गेलेला त्यांचा नवराही नंतर कुणाला दिसला नाही. या माणसाच्या हातून पदवी घ्यायची नाही, असं मॅडमच्या विद्यार्थ्यांनी ठरवलं होतं. पण मुलीच्या आधी ज्यांची नावं पुकारली गेली, त्यांनी ती मुकाट्याने घेतली होती. त्यांच्याही आईबापांनी सकाळी बजावलं असणार.

सुरू झालेल्या टाळ्या मधेच विरल्या. भिंतीला टेकून उभ्या असलेल्या साध्या वेशातल्या पोलिसांपैकी एकजण सरळ झाला. हेडमास्तरांच्या शेजारची बाई कुणाच्या लक्षात येणार नाही अशा बेताने एक खुर्ची पलीकडे सरकली. आयुष्यभर ते मुलांना ताठ उभं राहायला शिकवत आले होते. आता ते मनातल्या मनात विनवत होते, वाक, पोरी, जरा वाक.

फोटोवाला कॅमेरा डोळ्याला लावून तसाच थांबला होता. कुलपतींनी पुढे केलेला हात मागे घेतला नाही. मग ते एक पाऊल पुढे झाले, तिच्या कानाशी वाकले आणि काहीतरी बोलले. खालून नुसते ओठ हललेले दिसले.

मुलगी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिने हात पुढे आणले आणि पदवी घेतली.

सगळ्यांच्या आधी हेडमास्तरांनी टाळ्या वाजवल्या. तळहात घामाने इतके ओले झाले होते, की आवाज धड निघेना. मुलगी खाली उतरली आणि पुढच्या रांगेत आपल्या जागेवर जाऊन बसली. तिच्या पाठमोऱ्या मानेवरून त्यांना काहीच कळेना. धमकावलं असणार, त्यांना वाटलं. माझी नोकरी घेतील म्हणाले असतील, नाहीतर आणखी काही.

उरलेल्या पदव्या भराभर वाटून झाल्या. शेवटी कुलपतींचं भाषण. ते दरवर्षी बाहेरूनच लिहून यायचं, आणि कुलपती मान वर न करता वाचून दाखवायचे. त्यांनी कागद पुढे ठेवला, चष्मा लावला. मग काढून हातात धरला.

"मॅडमना काढायच्या हुकमावर मी सही केली," ते म्हणाले. आवाज वर्गात हजेरी घ्यावी तसा साधा. "त्या कुठे आहेत ते मी विचारलं. पुन्हा विचारलं. मला कुणी सांगत नाही. आता तुम्ही सगळ्यांनी..."

माईक बंद झाला. कुलपती बोलतच होते, पण दुसऱ्या रांगेपर्यंतसुद्धा काही ऐकू येत नव्हतं. लगेच स्पीकरवर कसलंतरी संगीत लागलं, मोठ्यांदा, आणि लोक उठून दारांकडे निघाले.

हेडमास्तरांनी गर्दीतून वाट काढून मुलीचं मनगट पकडलं. पळू नकोस, सगळे चालताहेत तशी चाल, मागे बघू नकोस, असं ते तिला दबक्या आवाजात सांगत राहिले. बाहेर रस्त्याच्या कडेला आल्यावर त्यांनी मनगट न सोडताच विचारलं, "काय म्हणाले तुला?"

तिने पदवीची सुरळी काखेत धरली.

"म्हणाले, 'घे बाळा. तू घरी जा. बाकीचं मी बोलतो.'"

हेडमास्तरांना आधी हायसं वाटलं. मग त्यांनी मान खाली घातली.

मागून हॉर्न वाजला. लोक घाईघाईने बाजूला झाले. करड्या रंगाची गाडी होती. मागच्या सीटवर साध्या वेशातली दोन माणसं आणि त्यांच्या मधे, अंग चोरून, कुलपती. झगा अजून अंगातच होता. रस्त्यावरचे सगळे दुसरीकडे बघायला लागले. मुलगी मात्र गाडीकडेच बघत होती, आणि या वेळी वडिलांनी तिला अडवलं नाही.

कुलपतींचं घर पुढेच होतं, रस्त्याला लागून. त्यांची बायको दाराशी वाट बघत उभी होती. गाडी येताना दिसली तशी ती लगबगीने पुढे झाली आणि तिने फाटक पूर्ण उघडून धरलं.

गाडी तिच्यासमोरून निघून गेली. धूळ खाली बसली तरी ती फाटक धरून उभीच होती.