पुढची सीट

धाकटी जाऊ शालन काशी करून बेंबळीला परतली आणि यात्रेहून आलेल्या माणसाच्या पाया पडायची रीत म्हणून थोरल्या मुक्ताबाईला तिच्यापुढं वाकावं लागलं. तेव्हापासून मुक्ताबाईला घास गोड लागेना.

"आपुनबी काशीला जायाचं. शालन गेली त्याच एजंटाच्या बसनं."

"अगं, एजंट कशाला? भाचा मोबाइलवर रेल्वेचं तिकीट काढून देतुय की," नवरा व्यंकट म्हणाला.

"रेल्वे दारात येती का? बस सुटताना सारं गाव माझ्या पाया पडाया पायजे. शालन सगळ्यांच्या आधी!"

व्यंकटनं हात टेकले.

जायच्या दिवशी बस मारुतीच्या पारापाशी लागली. मुक्ताबाईच्या गळ्यात हार पडले, अर्धं गाव पाया पडून गेलं. शालनचा मात्र पत्ता नव्हता. 'जळतीय मेली,' असं मनात म्हणत मुक्ताबाई खुशीत बसमध्ये चढली.

पुढच्याच सीटवर शालन बसली होती, गळ्यात हार घालून.

"या आक्का. धा माणसं जमीवली की एजंट एक सीट फुकट देतुय," ती सरकून जागा देत म्हणाली. "नऊ मिळता मिळता दम निघाला. धाव्या तुमी, हे मातूर तुमी माझ्या पाया पडला तवाच कळलं हुतं."